वाऱ्याला बाहेर जायची वाट

रात्री अकरा वाजता गच्चीवर २८ अंश आणि बरोबर त्याखालच्या खोलीत ३३. मधे फक्त स्लॅब. सलग बारा रात्री हे आकडे वहीत उतरवले आणि तेराव्या रात्री वही मिटून गच्चीवर अंथरूण टाकलं. खोलीच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. बाहेरचा गारवा खिडकीशी येऊन थबकायचा, आत काही शिरायचा नाही.

घर दुमजली, सिमेंटचं, दमट उष्ण हवेतलं. खाली तीन खोल्या, वर दोन, मधून जिना आणि गच्चीवर जिन्याची खोली. बांधताना खिडक्या किती हव्यात हे आम्ही मोजून सांगितलं होतं. वारा कुठून येईल आणि कुठून जाईल, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

वातानुकूलन यंत्र बसवणं हा सरळ उपाय होता आणि घरातल्या बाकीच्यांचं मत त्यालाच होतं. मी एका उन्हाळ्याची मुदत मागून घेतली. ती पुढे दोन उन्हाळे चालली.

सुरुवातीला मी भलतीकडेच गेले. इराणमधल्या यझ्द शहरातले वारा पकडणारे मनोरे, म्हणजे बादगीर, यांची चित्रं बघून मी भारावले होते. तिथल्या दौलताबाद बागेतला मनोरा तर ३३ मीटरच्या वर उंच आहे. आपल्या गच्चीवर त्याचं छोटं भावंड उभं करायचं, असा माझा बेत. आराखडाही काढला. तो एका वास्तुविशारद मैत्रिणीपुढे ठेवला, तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला, ‘तुमच्याकडे दिवसाच्या मानाने रात्री किती उतरतं?’

पाच-सहा अंश, मी म्हटलं.

‘मग तू चुकीच्या आजीला सल्ला विचारतेयस.’

तिचं म्हणणं असं. वाळवंटी हवेत रात्र खूप गार पडते. जाड मातीच्या भिंती रात्री तो गारवा पिऊन घेतात, दिवसा दारं-खिडक्या बंद ठेवून लोक त्यावर काढतात. हवा कोरडी असल्याने पाण्यावरून आलेला वाराही थंड होतो. दमट प्रदेशात रात्र एवढी गार होत नाही, आणि हवेत आधीच इतकं पाणी असतं की आणखी पाणी शिंपडून फारसं काही साधत नाही. तिथे भिंतींनी गारवा साठवायचा नसतो. उष्णता साठूच द्यायची नाही आणि अंगावरचा घाम वाळत ठेवायचा, एवढंच घराच्या हातात असतं.

मग तिनं दुसऱ्या आज्यांची ओळख करून दिली. पहिलं, मलेशियातलं पारंपरिक मलय घर. लाकडी खांबांवर उचललेलं, कारण जमिनीलगत झाडोऱ्यात वारा अडतो आणि थोडं वर गेलं की मोकळा होतो. छप्पर निपा पामच्या झावळ्यांचं. ते इतकं हलकं की त्यात उष्णता धरून ठेवायला काही नसतंच. आत भिंती मोजक्या, भिंतींच्या माथ्यावर कोरीव जाळ्या, आढ्याखालच्या त्रिकोणातही फटी. आणि खिडक्या थेट जमिनीपर्यंत. या शेवटच्या गोष्टीकडे मी तेव्हा नुसतं ‘छान दिसतंय’ म्हणून पाहिलं. तिचा अर्थ कळायला मला वर्ष लागलं.

दुसरं, केरळातलं नालुकेट्टू. मधला चौक आभाळाला उघडा, भोवती चार सोपे, उतरत्या छपराच्या टोकाला तिरप्या लाकडी पट्ट्यांचा त्रिकोणी झरोका. तिसरं, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं लाकडी घर. तेही खुंटांवर उचललेलं, भोवती पडव्या, मधून आरपार बोळ आणि प्रत्येक दाराच्या डोक्यावर नक्षीची जाळी, म्हणजे दार लावलं तरी वारा चालू. तीन ठिकाणची तीन माणसं, एकमेकांना न विचारता, एकाच उत्तरावर पोचलेली. तिन्ही घरांत वाऱ्याला आत यायला वाट आहेच. पण त्याहून जास्त काळजी त्याच्या बाहेर जायच्या वाटेची घेतलेली आहे.

ध्येय किती अंशांचं ठेवायचं, हेही तिनंच ठरवून दिलं. माझ्या मनात यंत्रावर दिसतो तो २४ चा आकडा होता. पण खिडक्या उघड्या असलेल्या घरांत माणसं बाहेरच्या हवेला सरावलेली असतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं गणित आहे. ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या ५५ क्रमांकाच्या मानकात ते २००४ पासून आहे: बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.३१ ने गुणायचं आणि त्यात १७.८ मिळवायचे. आमच्याकडची उन्हाळी सरासरी २९ धरली तर २६.८ येतात. त्याच्या साडेतीन अंश खाली-वर चालतं, म्हणजे वरची हद्द साधारण ३०. हे ऐकून मला हायसं वाटलं. ३३ वरून २४ म्हणजे डोंगर, ३३ वरून ३० म्हणजे टेकडी.

पुढचा आठवडा मी हातात पेटती उदबत्ती घेऊन घरभर फिरले. घरच्यांनी थट्टा केली, पण यापेक्षा चांगलं यंत्र नाही. वाऱ्याचा वेग मोजायचा छोटा पंखा मी आणला होता. दाराखिडकीत तो ठीक, पण खोलीच्या मधोमध बहुतेक वेळा शून्यच दाखवायचा. धूर मात्र खोटं बोलत नाही. पुढच्या खोलीच्या खिडकीत तो आत वाकत होता, दोन हात पुढे जाऊन गोंधळत होता आणि सरळ छताकडे चढत होता. मागच्या झोपायच्या खोलीत तर नेम धरल्यासारखा ताठ उभा. त्या खोलीला दोन खिडक्या होत्या, पण एकाच भिंतीत.

एका बाजूच्या खिडकीनं खोलीच्या उंचीच्या दोन ते अडीच पट खोलपर्यंत हवा पोचते, असा ठोकताळा मी वाचला होता. त्या हिशेबानं माझी चार मीटर खोल खोली अगदी पास होती. हा घोटाळा नंतर उलगडला. तो ठोकताळा ताज्या हवेचा आहे. थंड प्रदेशातल्या कचेरीत तेवढी पुरते. मला ताजी हवा नको होती, घाम वाळवणारी झुळूक हवी होती. या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि दुसरीसाठी हवा कैक पटींनी जास्त लागते. खिडक्यांबद्दलचे निम्मे सल्ले या एका गफलतीमुळे वाया जातात, असं माझं मत झालंय.

कामाला सुरुवात केली ती वाऱ्यापासून नाही, छतापासून. हे मैत्रिणीनं बजावलं होतं. दुपारी स्लॅबच्या खालच्या अंगाला इन्फ्रारेड तापमापक रोखला तर ४१ अंश. एवढा तवा डोक्यावर असताना कितीही वारा आणा, डोक्याला शेक लागतोच. म्हणून गच्चीवर हलकं दुसरं छप्पर टाकलं, स्लॅबपासून उंच आणि चारही बाजूंनी मोकळं. ऊन ते झेलणार आणि त्याच्याखाली तापलेली हवा वारा घेऊन जाणार. खिडक्यांवरचे छज्जे जवळजवळ हातभर वाढवले, तेव्हा पावसातही खिडक्या उघड्या ठेवता येतील हा हिशेब होता. आठ दिवसांनी त्याच वेळी त्याच जागी ३४ अंश. सगळ्या खटाटोपात हे एकच काम असं, की ज्याचा परिणाम त्याच आठवड्यात दिसला.

मग दारांच्या वरच्या झडपा. प्रत्येक आतल्या दाराच्या चौकटीवर भिंतीचा दीड फूट पट्टा होता, तो काढून तिथे तिरप्या पट्ट्यांची झडप बसवायची. गवंडी ग्राइंडर चालवत होता आणि मी तोंडाला फडकं बांधून उभी होते. तो मधेच थांबला आणि मला हाक मारली. ‘ताई, धूळ बघा. इथवर येते अन् बसते.’

खरंच, पुढच्या खिडकीतून आलेल्या वाऱ्यावर ती लाल धूळ बोळातून सरकत येत होती आणि जिन्याच्या पहिल्या पायरीजवळ थबकून खाली बसत होती. पायरीवर बोटभर थर. वर जिना अंधारा आणि त्याच्या माथ्यावरचं गच्चीचं दार बंद. मी वर जाऊन ते दार उघडलं. परत खाली येईपर्यंत धुळीचा पडदा जिना चढायला लागला होता. गवंडी हसला आणि म्हणाला, ‘हितं बोळा घातलेला होता.’ आठवडाभर उदबत्तीनं जे सांगितलं नव्हतं, ते त्या दोन मिनिटांत दिसलं. आमचं घर म्हणजे बूच लावलेली बाटली होती.

तेव्हा जिना हेच धुराडं करायचं ठरलं. ऊन हवा हलकी असते, ती वर जाते, तिच्या जागी खालून गार हवा येते. तत्त्व एवढंच. पण त्यात जोर किती, हे मी मांडून पाहिलं आणि जरा हिरमुसले. हवा आत यायची जागा आणि बाहेर जायची जागा यांत सहा मीटर उंचीचा फरक, आत-बाहेर तीन अंशांचा फरक, तर दाब मिळतो सुमारे ०.७ पास्कल. सेकंदाला जेमतेम एक मीटर वेगाच्या वाऱ्यानं एवढाच दाब येतो. एवढ्या वाऱ्यात धूर वाकतो, झाडाचं पान हलत नाही. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे पान सळसळलं की धुराड्याची गरज संपली. थोडक्यात, धुराडं हा राखीव गडी. वारा पडलेल्या रात्रीच त्याची पाळी येते. पण आम्हाला छळत होत्या त्याच रात्री.

जिन्याच्या खोलीच्या माथ्याजवळ दोन छोटे झरोके केले आणि त्या रात्री मोठ्या उत्साहानं खालच्या सगळ्या खिडक्या उघडून वर झोपायला गेले. खालच्या स्वयंपाकाचा वास माझ्या उशीशी. तापमापक ३३.५, म्हणजे आधीपेक्षा अर्धा अंश जास्तच. उदबत्ती वरच्या खिडकीत धरली तर धूर बाहेर जात होता.

डोकं खाजवण्यात दोन दिवस गेले. मग उलगडलं, आणि हा भाग मी जरा सविस्तर सांगते, कारण यात मी एकटीच फसले असेन असं वाटत नाही. धुराड्यासारख्या घरात एक पातळी अशी असते, जिथे आतला आणि बाहेरचा दाब सारखा असतो. त्याखालच्या खिडक्यांतून हवा आत येते, वरच्यांतून बाहेर जाते. ही पातळी जिकडे उघडी जागा जास्त, तिकडे ओढली जाते. माझ्या घरात खाली ढीगभर खिडक्या उघड्या आणि माथ्यावर दोन पिटुकले झरोके. त्यामुळे ती पातळी खाली आली आणि वरच्या मजल्याच्या खिडक्या तिच्या वर गेल्या. खालची तापलेली, वास लागलेली हवा माझ्या खोलीतून बाहेर पडत होती. मी धुराड्याच्या आत झोपले होते.

उपाय दोन. माथ्यावरची वाट मोठी करणं आणि उंच नेणं. खालची वाट आवरती घेणं. जिन्याच्या खोलीचं छत मीटरभर उचललं आणि मधल्या पट्ट्यात चहूबाजूंनी झडपा घातल्या, मिळून दीड चौरस मीटरच्या आसपास. चहूबाजूंनी अशासाठी, की वारा कुठूनही आला तरी आडोशाच्या बाजूच्या झडपा त्याच्याच ओढीनं हवा बाहेर खेचतात. वाऱ्याच्या तोंडची तेवढी मिटून घ्यायची. खाली रात्री दोनच खिडक्या उघड्या ठेवायच्या, तीही सावलीच्या बाजूच्या. त्या रात्री वरच्या खिडकीत धूर आधी ताठ राहिला, मग हळूच आत वाकला. अकरा वाजता ३०.५. बाहेर २८ च होते. अडीच अंश मी त्या उदबत्तीला देऊन टाकले.

एक उपद्रव राहिला. सकाळी दहा-अकराला सिमेंटचं घर बाहेरच्यापेक्षा गार असतं. तेव्हा धुराडं उलटं चालतं, गच्चीवरची गरम हवा जिन्यातून खाली उतरते. झावळ्यांच्या हलक्या घराला ही अडचण फारशी नसावी, त्यात गारवाही साठत नाही. आम्ही झडपांना दोर आणि कप्पी लावली. सकाळी नऊला बंद, संध्याकाळी सहाला उघड्या. दोर कुणी ओढायचा यावरून घरात जे वाद झाले, ते इथे नको.

डासांच्या जाळीनं पुढचे दोन महिने खाल्ले. एकाच खिडकीत, वारा साधारण सारखा असताना, जाळीशिवाय सेकंदाला ०.६ मीटर आणि बारीक जाळी लावून ०.३५. जवळजवळ निम्मा वारा जाळीच्या घशात. मैत्रीण म्हणाली, जाळी खिडकीला लावूच नकोस. जाळीतला अडथळा वाऱ्याच्या वेगाबरोबर झपाट्यानं वाढतो, आणि खिडकी हीच हवेची सगळ्यात अरुंद, सगळ्यात वेगवान जागा. तीच जाळी पुढे, रुंद जागी नेली की तिथे हवा संथ असते, म्हणून अडते कमी. पुढची पडवी खालपासून वरपर्यंत जाळीनं बंद केली आणि तिच्या आतल्या खिडक्या उघड्या ठेवल्या. खिडकीतला वेग ०.५ च्या वर आला. वर एवढी ऐसपैस जागा नव्हती, तिथे मच्छरदाणी आहे आणि राहील.

आता त्या जमिनीपर्यंतच्या खिडक्या. एवढं सगळं करून तापमान उतरलं होतं, पण पंख्याशिवाय पडलं की अंग चिकचिकतच होतं. एका दुपारी वैतागून मी खोलीत सतरंजीवर आडवी झाले आणि उदबत्ती बाजूला खोचली. धूर उभा. उठून बसले, हात वर केला, तिथे वाकत होता. वारा खोलीतून जात होता, पण माझ्यावरून, अडीच-तीन फुटांवरून. हवा खिडकीच्या ज्या उंचीवरून शिरते, साधारण त्याच उंचीनं खोलीत पुढे जाते. बाहेर जायची जागा वर आहे की खाली, यानं तिच्या वाटेत फारसा फरक पडत नाही. मलय घरात माणसं जमिनीवर बसतात, झोपतात, म्हणून खिडकी जमिनीपासून सुरू होते. ती शोभेची नव्हती.

खिडकीखालची भिंत दोन फूट उतरवायची होती. खिडकीची रुंदी वाढवायची तर वरच्या लिंटेलचा, म्हणजे भिंतीचा भार पेलणाऱ्या आडव्या पट्टीचा, प्रश्न येतो, नुसती खाली वाढवली तर सहसा येत नाही. तरी आम्ही अभियंत्याला दाखवून मगच हात घातला. लहान मुलं घरात आहेत, तेव्हा खालच्या भागाला पक्के गज. शेवटची वीट निघाली तेव्हा मी समोर पलंगाच्या कडेवर बसले होते. पोटऱ्यांना काहीतरी लागलं. मला आधी वाटलं मांजर आलं.

पलंगाच्या उंचीला आता सेकंदाला ०.४ ते ०.५ मीटरचा वारा मिळतो, आधी वेग मोजायचा पंखा तिथे फिरतच नव्हता. छताचा पंखा गेलेला नाही, हे सांगायलाच हवं. पूर्वी तो रात्रभर पाचवर असायचा, आता दोनवर असतो आणि पहाटे कुणीतरी उठून बंद करतं. वारा पूर्ण पडलेल्या, आभाळ दाटलेल्या दुपारी मात्र हे घरही हार मानतं. तेव्हा आत-बाहेर सारखंच, ३३-३४, आणि तिथे कुठल्याच आजीचं काही चालत नाही. झडपांमुळे एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत ऐकू येतं, ही तक्रार वेगळी. धाकट्यानं परीक्षेच्या दिवसांत त्याच्या झडपेत उशी कोंबली होती.

एकाच भिंतीत दोन खिडक्या असलेली मागची खोली शेवटपर्यंत रडवत होती. तिला दुसरी मोकळी भिंत नाही, आणि तिथे वारा भिंतीला समांतर वाहतो, आत वळतच नाही. तिथला उपाय सुताराच्या अर्ध्या दिवसाचा निघाला. दोन्ही खिडक्यांना बाहेर उघडणारं एकेक दार होतं, बिजागऱ्या बाहेरच्या कडांना. त्या काढून आतल्या, म्हणजे एकमेकींकडच्या कडांना लावल्या. आता दोन्ही दारं उघडली की खिडक्यांच्या मधे दोन कान उभे राहतात. वारा आधी ज्या खिडकीशी येतो, तिच्या पलीकडचा कान त्याला अडवून आत वळवतो. दुसरी खिडकी तिच्या अलीकडच्या कानाच्या आडोशाला राहते आणि तिथून हवा बाहेर ओढली जाते. वारा उलटा फिरला की दोघी कामं बदलतात. सुतारानं दुसरं दार लावून सवयीनं ते ओढून घेतलं, तेव्हा मी त्याला थांबवलं आणि उदबत्ती पुढे केली. धूर आत आला, कपाटाला वळसा घालून दुसऱ्या खिडकीकडे निघाला. ‘आता हे कपाट हलवा,’ तो म्हणाला.

कपाट हलवलं. कोठीची खोली तेवढी अजून कोंदट आहे. तिची एक भिंत जिन्याला लागून आहे, तिथे हातभर झडप पाडली की काम होईल असा अंदाज आहे. गवंड्याला पावसाआधी यायला सांगितलंय.